कोळंबीला औषध नसतं

आधीच सांगून ठेवतो, आजची पोस्ट कडू आहे. पावसाळा, एसटीचा प्रवास, जुनी गाणी असलं नेहमीचं काही नाही. ज्यांना कोळंबी फक्त कालवणातली माहीत आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, पण वाचून झाल्यावर "मग आता कोळंबी खायची की नाही?" असं विचारायला फोन करू नका. खा. खुशाल खा. पांढरा ठिपका माणसाला होत नाही.

पण या ब्लॉगचे निम्मे वाचक माझे नातेवाईक आहेत आणि त्यातल्या तीन घरांची तळी एकाच खाडीवर आहेत. म्हणून हे जाहीर लिहितोय. फोनवर सांगून झालं, लग्नात सांगून झालं, गणपतीत आरती आणि जेवण यांच्या मधल्या वेळात सांगून झालं. अण्णा (म्हणजे माझा चुलतभाऊ) दर वेळी म्हणतो, "तू बँकेत बसतोस, तुला काय कळतंय." खरं आहे. मी मत्स्यशास्त्र शिकलो आणि बँकेत कर्जाच्या फायली तपासतो. आपल्याकडे याला करिअर म्हणतात. :) पण त्यामुळे एक झालं, रोगाबद्दल मी पुस्तकात वाचलं आणि रोगानंतरचे हिशेब रोज टेबलावर बघतो.

तर मुद्दा. कोळंबीला औषध नसतं. आणि रोग तळ्याचा नसतो, खाडीचा असतो. आपण सगळे याच्या बरोबर उलटं वागतो. रोग आला की बाटली आणतो, आणि शेजाऱ्याला सांगत नाही.

पहिलं औषधाचं. माशाला लस देता येते. नॉर्वेत १९८७ साली सामन माशाच्या शेतीत जवळजवळ पन्नास टन अँटिबायोटिक वापरलं गेलं. तेव्हा तिथलं सगळं उत्पादनच पन्नास हजार टनांच्या आसपास होतं, म्हणजे टनभर माशामागे किलोभर औषध! मग लशी आल्या. एका पिढीचा मासा काढल्यावर ती जागा काही काळ रिकामी ठेवायची, लहान-मोठे मासे एकत्र वाढवायचे नाहीत, असे नियम आले आणि ते पाळले गेले. आज तिथे वर्षाला पंधरा लाख टनांच्या आसपास सामन होतो आणि अँटिबायोटिक एक टनसुद्धा लागत नाही. (माशाच्या अंगावरच्या उवांनी मात्र त्यांना अजून छळलंय. कोणाचंच सगळं छान नसतं.)

कोळंबीचं असं होत नाही. तिच्या शरीरात माशासारख्या किंवा आपल्यासारख्या अँटिबॉडी तयारच होत नाहीत. गोवराची लस एकदा घेतली की शरीर तो विषाणू लक्षात ठेवतं, तशी स्मरणशक्ती तिच्याकडे नाही. त्यामुळे बाजारात जाऊन विकत घेता येईल अशी पांढऱ्या ठिपक्याची लस नाही. हा विषाणू १९९२-९३ च्या सुमारास तैवान-चीनकडे पहिल्यांदा दिसला आणि १९९४ मध्ये आपल्या पूर्व किनाऱ्यावर आला. त्या वेळी टायगर कोळंबीच्या जोरावर आंध्र आणि तमिळनाडूत माणसं भाताची खाचरं खणून तळी करत होती. विषाणू शिरलेल्या तळ्यात तीन ते दहा दिवसांत जवळजवळ सगळी कोळंबी मरू शकते. तीस वर्षं होऊन गेली. उपचार आजही नाही. हे शास्त्रज्ञांचं अपयश म्हणा हवं तर, पण नाही म्हणजे नाही.

आता अण्णाच्या शेडमधलं फळकूट आठवा. त्यावर काय काय असतं! रोगप्रतिकारशक्ती वाढवणारं, यकृत सुधारणारं, विषाणू "कंट्रोल" करणारं, पाणी "सेट" करणारं. एका डब्यावर तर कोळंबी दंड फुगवून उभी आहे. मी एक साधा हिशेब करतो, तुम्हीही करून बघा. एक हेक्टरचं, मीटरभर खोल तळं म्हणजे दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर पाणी. त्यात एक लिटरची बाटली ओतली तर एक कोटी भागांत एक भाग. त्या बाटलीत अमृत असलं तरी ते कोळंबीला शोधत फिरावं लागेल.

इथे कोणीतरी म्हणणार, म्हणजे सगळंच खोटं का? नाही. चुन्याला काम आहे, खनिजांना काम आहे, तळाची घाण कुजवणारे चांगले जीवाणू वापरून तळ बरा ठेवता येतो, आणि तळ बरा राहिला तर कोळंबीवर ताण कमी पडतो. ही निगा झाली. घर झाडल्याने डास कमी होतात, पण डेंग्यू झालेला माणूस घर झाडून बरा होत नाही. निगेच्या वस्तू उपचार म्हणून विकल्या जातात, माझं भांडण तिथे आहे.

आणि विकतं कोण? हा खरा प्रश्न. आपल्याकडे सल्ला कोण देतं ते बघा. खाद्याचा डीलर. तोच खाद्य उधारीवर देतो. त्याचाच माणूस आठवड्यातून एकदा येऊन चेक ट्रे उचलून बघतो, "थोडं स्ट्रेस आहे" म्हणतो आणि पिशवीतून बाटली काढतो. ती पण उधारीवर. बऱ्याच ठिकाणी माल काढताना व्यापारीही तोच आणतो. म्हणजे सावकार तो, डॉक्टर तो, औषधवाला तो आणि गिऱ्हाईक आणणाराही तोच. अशा डॉक्टरने "दादा, आता काही उपयोग नाही, पैसे घालू नका" असं म्हटल्याचं तुम्ही ऐकलंय का? मी कर्जाच्या फायलींत बघितलंय, पीक बुडाल्यावरच्या हिशेबात शेवटच्या पंधरा दिवसांतली औषधाची बिलं सगळ्यात जाड असतात. मरणाऱ्या तळ्यावर सगळ्यात जास्त खर्च होतो. आयसीयूसारखं.

अँटिबायोटिकचं तर बोलूच नये. विषाणूवर ते चालत नाही हे शाळेतलं पोरही सांगेल. तरी पुडी पडते, कारण "काहीतरी केलं" असं वाटतं. २०१६ साली युरोपीय संघाने भारतातून जाणाऱ्या संवर्धित कोळंबीच्या तपासणीचं प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेलं, बंदी असलेल्या औषधांचे अंश सापडत होते म्हणून. पुडी टाकणारे थोडे. खर्च आणि खोळंबा सगळ्यांना, ज्यांनी आयुष्यात पुडी बघितली नाही त्यांनासुद्धा.

मग करायचं काय? जे करायचं ते बीज सोडण्याआधी. आणि इथेही एक गैरसमज ठाण मांडून बसलाय. २००९ पासून आपल्याकडे व्हेनामी आली. तिचे नर-मादी परदेशातून येतात, चेन्नईच्या क्वारंटाईनमध्ये तपासले जातात आणि मग परवाना असलेल्या हॅचरीत जातात. त्यांना "एसपीएफ" म्हणतात. आमच्याकडे याचा अर्थ लोकांनी "रोग न होणारी कोळंबी" असा लावलाय. त्याचा अर्थ एवढाच, की यादीतले अमुक अमुक रोग या जनावरात आत्ता नाहीत. रोग होणार नाही असं त्यात कुठेही नाही. अंघोळ करून आलेलं पोर चिखलात खेळलं तर मळणारच.

तीच गत पीसीआरच्या रिपोर्टची. "रिपोर्ट निगेटिव्ह आहे" म्हणून बीज सोडतात. दीडशे पिल्लं तपासली तर शंभरात दोन रोगट असलेला लॉट ९५ टक्के वेळा पकडला जातो, यासाठीच तो दीडशेचा आकडा आहे. पण हजारात पाचच रोगट असली तर? मग तो लॉट सापडण्याची शक्यता जेमतेम निम्मी. नाणं उडवल्यासारखं. पाच लाख बीज सोडलं तर त्यात अडीच हजार रोगट पिल्लं, हातात निगेटिव्ह कागद. म्हणून तपासणी करायची नाही असं नाही, उलट जास्त पिल्लांची करायची आणि सोडण्याआधी पिल्लांना ताण देऊन पुन्हा करायची. तो कागद देव्हाऱ्यात ठेवायचा नाही, एवढंच.

पांढरा ठिपका निदान दिसतो तरी. कोळंबी काठाला येते, खाणं सोडते, मरते. २००९ साली थायलंडमध्ये ज्याला नाव मिळालं तो ईएचपी नावाचा सूक्ष्म परजीवी मारतच नाही. कोळंबी खाते, फिरते, छान दिसते आणि वाढत नाही. साठाव्या दिवशी जेवढी, नव्वदाव्या दिवशी जवळजवळ तेवढीच. आणि खाद्य हा एकूण खर्चाचा निम्म्याहून मोठा भाग! चाळीस काउंटचा माल येईल म्हणून वाट बघायची आणि शंभर काउंटचा निघायचा. चेन्नईच्या सीबा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी देशभरच्या नुकसानीचा हिशेब मांडला तेव्हा न मारणाऱ्या या रोगाचा आकडा पांढऱ्या ठिपक्याच्या दुपटीहून जास्त निघाला. मी हे अण्णाला सांगितलं तर म्हणाला, "मेली नाही ना? मग रोग कसला?" याच वाक्यात आपले सगळे पैसे जातात. याचे बीजाणू तळाच्या गाळात राहतात, वरवरच्या क्लोरीनला दाद देत नाहीत. तळं पूर्ण वाळवून, गाळ काढून, कळीचा चुना भरपूर टाकून तळाच्या मातीचा सामू बाराच्या आसपास न्यायचा, तेव्हा कुठे ते मरतात. म्हणजे दोन पिकांमध्ये तळं नुसतं पडून राहिलं पाहिजे. आणि डीलर फोन करतोय, "बीज आलंय, घेताय ना?"

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

खारेपाटातल्या माणसाला बांध म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. उधाणाला बाहेरकाठ्याला खांड पडली की ज्याच्या शेतासमोर पडली तो एकटा बुडत नाही, अख्खी खार बुडते. म्हणून रात्री-अपरात्री कोणी ओरडलं की सगळे निघायचे, भांडण असलेले भाऊसुद्धा. कोणाच्या हद्दीत खांड आहे हे कोणी विचारत नसे. ही अक्कल आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होती. आणि त्याच खारीत आता तळ्यात कोळंबी मरायला लागली की काय होतं? सगळं गुपचूप. दिवसा चेहरा नेहमीसारखा. व्यापाऱ्याला फोन दुसऱ्या गावातून. रात्री ओहोटी लागली की उघाडी वर, आणि एक कोटी लिटर विषाणूचं पाणी खाडीत. पुढच्या भरतीला शेजारी पंप लावतो आणि तेच पाणी आपल्या तळ्यात ओढतो. खाडीतल्या चिंबोऱ्या स्वतः न मरता विषाणू बाळगतात. कावळे-बगळे मेलेली कोळंबी उचलून चार तळी पलीकडे टाकतात. दहा दिवसांनी शेजाऱ्याचं तळं जातं आणि मग तो म्हणतो, "नजर लागली."

ही खांडच आहे की नाही ते तुम्हीच सांगा. फक्त ही खांड आपणच आपल्या हाताने पाडतो.

नियम नाही असं समजू नका. व्हेनामीला परवानगी देताना २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं, की रोग आला तर माल फक्त जाळ्याने काढायचा, पाणी सोडून नाही. मग त्या पाण्यात क्लोरीन घालायचं, क्लोरीन उडून गेल्यावरच ते बाहेर सोडायचं. सांडपाण्याची व्यवस्था हवी. चौरस मीटरला साठच्या वर पिल्लं नकोत. सगळं लिहिलेलं आहे. त्याच्याही आधी, ११ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर किनाऱ्यावरच्या कोळंबी प्रकल्पांना जवळजवळ हद्दपारच केलं होतं. २००५ मध्ये कायदा करून सरकारने त्यांना परत आत घेतलं, ते "नोंदणी करा, नियम पाळा" या अटीवर. नोंदणीचा कागद बऱ्याच जणांनी केला. नियमाचं पान उलटलं.

पण मी नुसतं अण्णाला झोडपणार नाही. तो म्हणतो ते ऐका. "मी सांगितलं की माझ्याकडे रोग आलाय, तर व्यापारी त्याच क्षणी भाव पाडतो. डीलर उधारी मागायला दारात. तुझी बँक नोटीस काढते. पाण्यात क्लोरीन घालायचं तर ब्लीचिंग पावडर किती लागते माहिती आहे?" माहिती आहे. दहा लाख भागांना साठ भाग या हिशेबाने एक हेक्टरच्या तळ्याला सहाशे किलो. ज्याचं पीक आत्ताच मेलं, ज्याच्या हातात दमडी नाही, त्याने सहाशे किलो पावडर आणून पाण्यात टाकायची, आठवडाभर ते पाणी धरून ठेवायचं. कशासाठी? शेजाऱ्यासाठी. जो त्याच्या जागी असता तर उघाडीच उचलणार होता. अण्णाचं म्हणणं चूक नाही. खरं बोलणारा बुडतो आणि लपवणारा वाचतो, अशी व्यवस्था आपण करून ठेवली आहे.

आणि ही व्यवस्था बदलता येते, हे आपल्याच राज्यात दिसलंय. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आला. सरकारी पथकं आली, कोंबड्या मारल्या, पुरल्या आणि पोल्ट्रीवाल्यांना पक्ष्यामागे भरपाई दिली. ती पुरेशी होती का, वेळेवर मिळाली का, यावर भांडता येईल. पण तत्त्व मान्य झालं, की तुझी कोंबडी आम्ही सगळ्यांच्या भल्यासाठी मारतोय, तर तिचे पैसे सगळ्यांनी मिळून द्यायचे. कोळंबीला हे तत्त्व का लागू नाही? ती पाण्याखाली मरते म्हणून?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या लोगन नदीवर २०१६ च्या अखेरीस पांढरा ठिपका आला. नदीकाठच्या फार्मची तळी क्लोरीन घालून मारून टाकली, परिसरातून कच्ची कोळंबी बाहेर न्यायला बंदी आली, तळी बराच काळ रिकामी राहिली आणि सरकारने शेतकऱ्यांना पैशांची मदत केली. विषाणू २०२० मध्ये तिथल्या फार्मवर पुन्हा सापडला, हेही सांगतो, नाहीतर म्हणाल हा परदेशाचं कौतुक करतोय. पण तिथे पहिल्या दिवशी लपवायचं काही कारण शेतकऱ्याला उरलं नव्हतं. आपल्याकडे २०२३ च्या जूनमध्ये केंद्राने "रिपोर्ट फिश डिसीज" नावाचं ॲप काढलं. चांगलं आहे, मी फोनवर टाकून बघितलं. फोटो काढा, पाठवा, तज्ज्ञ सल्ला देतील. पण ज्याला सांगितल्याने नुकसानच होणार आहे, त्याच्या हातात सांगायचं ॲप देऊन काय होणार?

२०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी योजनेत मत्स्यशेतीच्या विम्याच्या हप्त्यावर सवलत आहे. इथे मला बोलायचंय, कारण हे माझ्या टेबलावरचं काम आहे. विमा नुसता पीक बुडालं की पैसे असा ठेवलात तर काही बदलणार नाही. उघाडी उचलून टाकायची आणि दावा करायचा, एवढंच होईल. अट हवी ती अशी: मरतूक दिसल्यापासून दोन दिवसांत कळवलं, माल जाळ्याने काढला, पाणी क्लोरीन घालून धरून ठेवलं, तरच पूर्ण दावा. आणि ब्लीचिंग पावडरचा खर्च दाव्यात वेगळा, आधी. कळवल्याबद्दल बँकेने त्या हंगामाची वसुली थांबवायची. हे मी आमच्या साहेबांना बोललो तर ते म्हणाले, "धोरणात्मक बाब आहे." म्हणजे नाही.

म्हणून सरकारची वाट न बघता खाडीपुरतं जे करता येईल ते लिहितो, आणि हे खास आमच्या तीन घरांसाठी. एकाच खाडीवरच्या सगळ्यांनी बीज एकाच आठवड्यात सोडायचं, एकाच वेळी काढायचं, मध्ये सगळ्यांची तळी एकदम वाळायची. एकाने मार्चमध्ये आणि दुसऱ्याने मे महिन्यात सोडलं तर रोगाला वर्षभर घर मिळतं. बीज एका हॅचरीतून, एकत्र तपासून घ्यायचं, म्हणजे तपासणीचा खर्च वाटला जातो आणि हॅचरीवाल्याशी बोलताना आवाजही मोठा निघतो. आंध्रमध्ये लहान शेतकऱ्यांचे असे गट दोन हजार सालानंतर उभे राहिले, एमपीईडीएने त्यासाठी २००७ मध्ये वेगळी संस्थाच काढली. हे जमत नाही असं नाही. आणि पावडरचा साठा सामाईक ठेवायचा. हेक्टरी ठराविक पैसे हंगामाच्या आधी जमा करून सहाशे किलो पावडर नाक्यावरच्या सोसायटीच्या गोदामात, कोरड्या जागी. ज्याच्या तळ्यात पहिल्यांदा रोग येईल त्याची ती, फुकट. त्याने फक्त सांगायचं.

बाहेरकाठ्याच्या दुरुस्तीची वर्गणी आजोबा ज्या वहीत लिहायचे ती वही वहिनींकडे आहे. वहिनी, तुम्ही ती काढून ठेवा, पुढच्या रविवारी मी येतोय. अण्णा, तू त्या फळकुटावरच्या बाटल्यांची बिलं काढून ठेव. सगळी. मागच्या दोन हंगामांची. पावडरचा पहिला साठा त्यातूनच किती वेळा भरला असता ते आपण वहीच्या पहिल्या पानावर मांडू.